आधीच झालेली दुरुस्ती

वडगाव निंबाळकरच्या एका खासगी दूधप्लांटमध्ये उत्कर्षा संगणक सांभाळायची. दूध किती तापवायचं, हे तिथला मुख्य संगणक ठरवायचा. त्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बाहेरच्याला आत शिरता येईल अशी फट सापडल्याची सूचना आली. सोबत दुरुस्तीही आली होती, पण ती बसवायला प्लांट अर्धा तास थांबवावा लागणार होता.

"दूध थांबत न्हाय, पोरी," मॅनेजर जोतीरामतात्या म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

असे तीन आठवडे गेले. आज दुपारी तात्या एकदाचे तयार झाले. उत्कर्षानं काम सुरू करायला संगणकातली नोंद उघडली. दुरुस्ती आधीच झालेली होती. बारा दिवसांपूर्वी, तिच्याच नावानं, प्लांट एक मिनिटही न थांबवता. त्या दिवशी ती वरकुट्याला भावाच्या साखरपुड्यात होती.

"मग बरंच झालं की," तात्या म्हणाले. "फट बुजली न्हवं?"

"तात्या, आत शिरलेलाच कधी कधी ती बुजवतो. मागनं दुसरं कुणी येऊ नये म्हणून."

तात्यांनी पडद्याकडं पाहिलं. दुधाचं तापमान बहात्तर अंश दिसत होतं, जंतू मरायला लागतं तेवढं, रोजच्यासारखंच.

"हा आकडा खरा हाय न्हवं?"

"आता मला नाही सांगता येणार."

तात्यांनी खिशातनं फोन काढून सुनेला लावला. "नातीला आपल्या प्लांटचं दूध पाजलं का गं आज?" त्यांनी विचारलं.