चेअरमनांचे केस

भीमराव ओव्हाळांनी वर्तमानपत्रात तीस वर्षं व्यंगचित्रं काढली आणि एकदा मारलेली रेघ संपादकांनी सांगूनही कधी बदलली नाही. पाणीपुरवठा मंत्र्यांना तर त्यांनी कायम टक्कल, सुटलेली ढेरी आणि हातात कोरडा नळ याच अवतारात दाखवलं. मंत्र्यांच्या माणसांचा फोन आला की दुसऱ्या दिवशी ढेरी आणखी बोटभर वाढायची.

तेच मंत्री रविवारी भीमरावांच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीत सोलर पॅनेलच्या उद्घाटनाला आले. ऑफिसात चहा घेताना त्यांची नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. चेअरमन संपतरावांचं चित्र होतं. शेजारी उभ्या संपतरावांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. चित्रात मात्र दाट केसांचा भांग होता, पोट सपाट होतं आणि खाली भीमरावांची सही होती.

"अहो ओव्हाळ," मंत्री म्हणाले, "मला इतक्या वर्षांत एक केस दिला नाहीत. यांच्यावर एवढी मेहेरबानी?"

"साहेब, आपण राज्याचं पाणी बघता," भीमराव म्हणाले. "आमच्या विंगला किती वेळ सोडायचं, ते हे बघतात."

मंत्री मनापासून हसले. संपतराव हसले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी चित्र जवळून न्याहाळलं.

"ओव्हाळ, कान जरा मोठा वाटतोय."

भीमरावांनी फ्रेम उतरवली, काच बाजूला ठेवली आणि खिशातल्या पेनानं कान झाकेल एवढी केसांची बट रेखाटली.