आठवा चंद्र

सातही चंद्रांना मिशा होत्या. त्यातल्या दोघांनी गॉगल लावले होते. आणि मधोमध जिथे आरतीचा महाकाय वायुग्रह असायला हवा होता, तिथे तालुक्याचे पुढारी चिमाजीभाऊ हात जोडून हसत होते.

"जानकू, हे काय करून ठेवलंत?" आरती फोनवर ओरडली. राजुरीच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन सुरू व्हायला अर्धा तास होता आणि फ्लेक्स आत्ता कुठे नारायणगावहून आला होता. "गोल रिकामे ठेवा, रंग मी हाताने देणार आहे, असं बजावून सांगितलं होतं ना?"

"मॅडम, रिकामा गोल सोडतं का कोण?" फ्लेक्सवाला जानकू म्हणाला. "लोक म्हंत्यात, भाऊंचा माणूस रुसला. उद्घाटनाला चिमाजीभाऊच हायेत ना? त्यांची फाईल तयारच व्हती. भवतीनं त्यांची पोरं टाकली. लई भारी आलंय, राव!"

आरतीने फोन बंद केला. चीड आली की तिला रडू यायचं, आणि रडू आलं की आणखी चीड यायची. येडगावच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिने सहा महिने या ग्रहावर घालवले होते. ग्रह कल्पनेतला, पण गणित खरं. वजन गुरूच्या दुप्पट, वर्ष आपल्या तीन वर्षांएवढं, भोवती सात चंद्र, प्रत्येकाची वाट ठरलेली. शिक्षकांच्या गटात पहिला नंबर आला तर हे सगळं घेऊन जिल्ह्याला जाता येणार होतं. आता भाऊंच्या हनुवटीखाली तिचंच वाक्य छापलेलं होतं : 'पृष्ठभाग घन नाही. आत सगळा वायू.'

तिने काळा कार्डशीट घेतला आणि कात्री चालवायला सुरुवात केली. मोठा गोल कापून ती स्टुलावर चढली, तेवढ्यात यजमान शाळेचे मुख्याध्यापक संपत सर धावत आले.

"मॅडम, भाऊंच्या तोंडाला काळं लावताय? आमच्या दोन खोल्यांचे पत्रे त्यांच्याकडून यायचेत. उतरा खाली!"

ती उतरली नाही. पण भाऊच हॉलमध्ये शिरले, मागे पोरं, पोरांच्या मागे दोन परीक्षक. मग मात्र तिला उतरावंच लागलं.

भाऊ फ्लेक्ससमोर थांबले. वरपासून खालपर्यंत त्यांनी सगळं वाचलं. घन पृष्ठभागाचं वाक्यही वाचलं. मग भाऊंनी बोट वर करून चेहरे मोजले आणि त्यांचा चेहरा पडला.

"सातच?" भाऊ म्हणाले. निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभा राहणाऱ्या चांगदेवचा वाढदिवस नुकताच झाला होता. "चांगदेवच्या फ्लेक्सवर अकरा व्हते."

आता लपवून उपयोग नव्हता. "भाऊ, प्रेसवाल्याची चूक झालीये," आरती म्हणाली. "हा ग्रह आहे, आणि हे त्याचे चंद्र. ते सातच राहू शकतात. आठवा घातला की टिकत नाही. मी गणित करून बघितलंय. तो सातव्याला धडकतो."

"कोण धडकतो?" भाऊंनी मागे वळून पोरांकडे पाहिलं. "तुमी फकस्त नाव सांगा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. भाऊ तोंड वाकडं करून पुढच्या टेबलाकडे निघाले. परीक्षकांपैकी एकाने खिशातून पेन काढला, भाऊंच्या पाठीकडे पाहिलं आणि आरतीच्या गुणांच्या कागदावर शेरा लिहिला.

'माहिती अचूक, मांडणी उत्तम. मात्र चंद्र अपुरे असल्याने पहिला क्रमांक देता येत नाही.'