रोज पडणारा खटका

खटका आज पडायला तयारच नव्हता. रघू वायरमनने घरातले सगळे दिवे लावले, पंखे सोडले, फ्रिज चालू केला. मीटरशेजारच्या डबीतला तो सेफ्टी स्विच ढिम्म जागच्या जागी.

"बघ," मथुराकाकी म्हणाली. "तुज्यासमोर कसा शाण्यासारका बसलाय. तुजी पाठ फिरली की हायच."

रघूची ही तिसरी खेप. दोन महिने रोज उजाडता उजाडता काकीच्या घरातले दिवे जात होते. काकी हातातलं काम उरकायची, हात धुवायची आणि मग घरात येऊन खटका वर करायची. तो दिवसभर मुकाट राही आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पडे. रघूने एकेक लाइन सुटी करून पाहिली होती. दिव्यांची लाइन बंद ठेवली त्या दिवशी खटका पडला नाही, म्हणजे दोष दिव्यांवरच. तिथून पुढे मात्र गाडी अडली. आज त्याने घरातला प्रत्येक होल्डर उघडला. दाराबाहेरच्या ओट्यावरच्या दिव्यासाठी लाकडी स्टुलावर चढला. तोही होल्डर चांगला निघाला. रघूला जमेना, असं वाडीभर झालं होतं आणि ते त्याला चांगलंच झोंबत होतं.

"काढून टाक तो," काकी म्हणाली. "वायर थेट जोड. उद्या नातीचा, सलोनीचा साखरपुडा. मुलाकडची माणसं जयगडहून सकाळीच येतायत. त्यांच्यासमोर काळोख झाला तर काय म्हणतील?"

"काकी, जीव वाचवायला असतो तो."

"जीव त्यानंच अर्धा केलाय माजा. दिवे गेले की असं दचकायला होतं, हात पार कोपरापर्यंत झिणझिणतो. डाक्टरनं शक्तीच्या गोळ्या दिल्यात."

रघूला हसू आलं. आपलं काय जातंय, असंही वाटलं. म्हातारीचा हट्ट, आणि वर घरातलं कार्य. "बरं," तो म्हणाला, "करतो थेट." त्याने पिशवीतून तांबड्या वायरचा वीतभर तुकडा काढला आणि पकडीने त्याची टोकं सोलायला घेतली.

काकीचा जीव भांड्यात पडला. साखरपुडा असो नाहीतर आणखी काही, आलेले मासे कुणासाठी थांबत नाहीत. ती पायरीवर चपला काढून पुढच्या अंगणात, खळ्यात उतरली. तिच्या खळ्यात चपला चालत नसत, कारण तिथे मासे सुकत. टोपातल्या मिठाच्या पाण्यातून तिने लांबलचक वाकटी मासळी उचलली आणि वाळत टाकायला हात वर केला.

खट्. दिवे गेले, पंखे मंदावले.

"पाह्यलंस?" ती खळ्यातूनच म्हणाली. "आता तरी पटलं?" आणि उजवा हात झटकू लागली.

रघू दारात आला. त्याने काकीकडे पाहिलं. हातांवरून मिठाचं पाणी ठिबकत होतं, ओल्या जमिनीवर अनवाणी पाय होते. डोक्यावर मासे टाकायची लोखंडी तार होती. तारेचं एक टोक माडाला होतं. दुसरं ओट्यावरच्या दिव्याच्या ब्रॅकेटला.

"ही तार कधीची?"

"पोरानं बांधली, लवूनं. सुंभाची दोरी लोंबायची म्हणून. झाले असतील दोन म्हयने."

रघू पायरीपर्यंत आला. "काकी, नीट आठवून सांग. आधी काय होतं? दिवे जातात, की हात झिणझिणतो?"

काकी काहीतरी फटकन बोलणार होती. थांबली. आपल्या हाताकडे पाहत राहिली.

"हात," ती म्हणाली. "आधी हात."

रघूने मेन बंद केला आणि ब्रॅकेट भिंतीपासून सोडवला. तारेच्या ओढीने तो वाकला होता. मागे वायर दबून सोलली होती आणि उघडं तांबं लोखंडाला टेकलं होतं. पहाटे काकी ओट्यावरचा दिवा लावून मासे टाकायची. दिवा लागला की तारेत वीज. आज तो दिवाही रघूनेच लावून ठेवला होता.

"वीज तुज्या हातातून पायात जायची, पायातून जमिनीत," तो म्हणाला. "गळती लागली की त्या खटक्याला कळतं. तो लगेच पडतो."

"लगेच म्हंजे?"

"पापणी लवायच्या आत."

"आणि हे रोज?"

"रोज."

काकी पायरीवर बसली. डबीतल्या त्या बोटभर खटक्याकडे ती दारातून बघत राहिली. दोन महिने, उठल्याबरोबर, तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. रघूही बघत होता. बारा वर्षं तो असले खटके बसवत आला होता. हे यंत्र माणूस वाचवतं, हे त्याला पाठ होतं. पण वाचलेलं माणूस असं समोर, माशाच्या वासाचे हात मांडीवर ठेवून बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्याने तार सोडवून दोन माडांना बांधली. सोललेली वायर बदलली. मग खटका वर केला, इतक्या हलक्या हाताने की काकीने मान वळवून पाहिलं.

"च्या टाकते, बस," ती म्हणाली.

रघू थांबला नाही. याच वाडीत आणखी चार बायकांनी त्याला असंच खटका काढून वायर थेट जोडायला सांगितलं होतं, आणि तिथे त्याने ते केलं होतं.