दीड इंच

सकाळी अकराला शिवणाच्या दुकानात मशीन बंद म्हणजे काहीतरी बिनसलंच. सूनबाई मशीनवर बसली होती, पाय पायडलवर होता, पण पाय हलत नव्हता. तेवढ्यात वकीलबाई आत शिरल्या. कोट अंगावर, चष्मा डोक्यावर, आवाज कोर्टातला.

"वही बाहेर पडली म्हणे तुमची?"

"अख्खी," सूनबाई म्हणाली. "माझंच चुकलं, मॅडम."

चुकलं ते असं. दुकानातली मापांची वही तिनेच मोबाइलवर चढवली होती, त्या ऑनलाइन नोट्स असतात ना, त्यात. सासूला छाती ठोकून सांगितलं होतं, की आपण लिहिलेल्याची तिथं पार गिचमीड होते, खुद्द कंपनीवाल्यांनाही वाचता येत नाही; आपला पासवर्ड घालावा तेव्हाच त्याची अक्षरं होतात. होतंही खरं. फक्त पासवर्ड तिने ठेवला होता दुकानाचं नाव आणि पुढे फोन नंबर. म्हणजे बाहेरच्या पाटीवर फूटभर अक्षरांत जे रंगवलंय, तेच. कुणा टवाळाने पाटी वाचली, वही उघडली आणि नेटवर टाकून दिली. सकाळपासून सगळी गल्ली एकमेकांच्या कमरा वाचत बसली होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचं पोट सेहेचाळीस निघालं. आजवर चाळीस सांगत होता बिचारा.

वकीलबाई खुर्चीत बसल्या. कोर्टातला आवाज दारातच राहिला.

"मी अजून बघितलेलं नाही. धीर होत नाही. पण माझी बहीण बघणार, आणि तिला काही दिसलं की चहा गार व्हायच्या आत ते आईला कळतं. आईला मी ऑपरेशनचं सांगितलेलंच नाही. ती समजते, तो महिनाभर मी केससाठी बाहेरगावी होते."

कसलं ऑपरेशन, ते सूनबाईला ठाऊक नव्हतं. मग वकीलबाईंचा हात कोटाच्या आत डाव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. तेव्हा सूनबाईला कळलं.

आतल्या टेबलावर तिची सासू कापड कापत होती. दुकान तिचं, आणि सगळी गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत. एवढं सगळं ऐकूनही तिची कात्री काही थांबली नाही.

"वाच गं यांची मापं," मावशी म्हणाली.

"आई, नको."

"वाच म्हणते ना. मोठ्याने."

सूनबाईने मोबाइल उचलला. "खांदा पंधरा. बाही बावीस. खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत… उजवी बाजू सतरा. डावी…" ती अडखळली. स्क्रीन जवळ धरली. "डावी सतरा."

"सारखी कशी असेल?" वकीलबाई म्हणाल्या. "मग हा कोट मला बसतो कसा?"

"बसणारच. मी शिवलाय," मावशी म्हणाली आणि कात्री खाली ठेवली.

दाराआड एका खिळ्याला सात-आठ जुन्या टेपा लटकत असत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच साफसफाईत सूनबाईने त्या कचऱ्यात टाकल्या होत्या. मावशीने डब्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक बाहेर काढली होती आणि आठवडाभर सुनेशी बोलली नव्हती. तेव्हा सूनबाईने माहेरी फोन करून सांगितलंही होतं, सासूबाई चांगल्या आहेत, पण जरा तऱ्हेवाईक आहेत.

त्यातली एक पिवळी टेप मावशीने काढली आणि वकीलबाईंच्या तळहातावर ठेवली. तिला पितळी टोक नव्हतं. एकचा आकडाही नव्हता. टेप दीडपासूनच सुरू होत होती.

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीच कापली ही. तुमची उजवी बाजू मोजते गळ्यातल्या टेपेने, डावी हिने. कापड कापतानाही डावीला हीच लावते. वहीत सतरा-सतरा, आणि अंगाला जेवढं पाहिजे तेवढंच."

"आणि ज्याच्याकडे ही टेप नाही, त्याने वही बघून शिवला तर?"

"शिवू दे की. डाव्या बाजूला झोळ येईल."

वकीलबाई हसल्या. हसता हसता डोळे पुसले, आणि मग त्यांची नजर खिळ्याकडे गेली.

"मावशी, त्या बाकीच्या कुणाच्या?"

"कुठल्या?" मावशीने पायाने दार भिंतीकडे लोटलं. खिळा दिसेनासा झाला.

सूनबाईला राहवेना. "आई, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तू मला पासवर्ड सांगितला होतास? तो पाटीवर आहे, हे मला आज कळतंय."

"बदललाय सकाळीच. बावीस अक्षरांचा केलाय. कुणाच्या बापाला…"

"मला सांगू नकोस."

मग मावशी वकीलबाईंकडे वळली. "उठा. आल्याच आहात तर नव्या कोटाचं माप देऊन जा. याची कोपरं गेलीत, जजसाहेबांना दिसत असतील." वकीलबाई उठून ताठ उभ्या राहिल्या. "अहो, श्वास सोडा. रोखलेल्या श्वासावर शिवलेला कोट घरी गेल्यावर काचतो."

वकीलबाईंनी श्वास सोडला.

मावशीने ओठांत दोन टाचण्या धरल्या, गळ्यातली टेप काढली आणि उजव्या खांद्यावरून खाली सोडली. "सतरा."

सूनबाईने लिहिलं. मावशीने न बघताच हात मागे केला, तर पिवळी टेप हातात आलीच. सूनबाई ती घेऊनच उभी होती.

मावशीने टेप डाव्या खांद्याला लावली, कमरेशी वाकली, आकडा बघितला. टाचण्या ओठांतून काढून ती बोलणार, तोवर सूनबाईने डावीपुढेही सतरा लिहून टाकलं होतं.