परतीचा एकच प्रवासी

"येताना हवं तेवढं सामान आणा, आजी. विमान रिकामंच असेल," बॅगा तोलता तोलता वैमानिक नम्रता हसून म्हणाली. "परतीला तुम्ही एकट्याच आहात ना."

उर्मिलाबाईंना वाटलं, पोरीची काहीतरी गल्लत होतेय. "एकटी कशी? रविवारी आम्ही तिघंही परत येणार."

नम्रता गोंधळली. तिने सिद्धांतकडे पाहिलं. उर्मिलाबाईंचा हा एकुलता एक मुलगा फोनमध्ये डोकं घालून उभा होता. त्याने मान वर केली नाही. तेवढ्यावरून आईला कळलं. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असाच उभा राहायचा.

मुंबई विमानतळाच्या कालिन्याच्या बाजूला खाजगी विमानांसाठी असलेल्या त्या लहानशा टर्मिनलमध्ये ना गर्दी होती, ना रांग. काचेपलीकडे आठ खुर्च्यांचं पांढरं विमान उभं होतं. सिद्धांतच्या मित्राचं. मालदीवला पाच दिवस, असं ठरलं होतं. आठ वर्षांची ऋग्वेदा काचेला नाक लावून पंखांकडे बघत होती. घटस्फोटानंतर ती आईजवळ, गिरगावात राहायची. शनिवार-रविवारी बाबा तिला दादरला आजीच्या घरी घेऊन यायचा. आईच्या संमतीशिवाय तिला देशाबाहेर न्यायचं नाही, असं कोर्टाने बजावलं होतं. तिच्या आईने, अनुजाने, संमती दिली ती सासूबाई बरोबर जाणार होत्या म्हणून.

आणि उर्मिलाबाई तर हरखून गेल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी कुठे चल म्हटलं नव्हतं. "आई, तुला समुद्रावरून उडवत नेतो," असं लेक म्हणाला, तेव्हा त्यांनी सोसायटीत चारचौघींना सांगितलं. दादर मार्केटात जाऊन आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घेतला. तोच आता अंगावर होता.

सिद्धांतने त्यांना बाजूला नेलं.

"तिथून पुढे टोरोंटोला जातोय," तो हळू आवाजात म्हणाला. "नोकरी मिळालीय. ऋग्वेदाची तिथली शाळाही ठरलीय. शनिवार-रविवारचा बाप झालोय गं मी. सोमवारी तिचा डबा कोण भरतं, केस कोण विंचरतं, मला काही माहीत नसतं. इतका वाईट आहे का मी?"

तो वाईट नव्हता. ऋग्वेदाला ताप आला की तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरणारा हाच होता.

"अनुजाला काय सांगणार आहेस?"

"तू सांगशील. परत आल्यावर. तुझ्यावर ती चिडणार नाही."

आपल्याला बरोबर कशासाठी घेतलंय, ते उर्मिलाबाईंना आता समजलं. त्या खुर्चीवर बसल्या. ऋग्वेदा धावत आली, त्यांच्या मांडीवर रेलली आणि विचारू लागली, "आजी, मम्मीसाठी शंख आणूया ना गं?" त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. गप्प बसलं तर मुलगा राहील, नातही राहील, फोनवर का होईना दिसत राहील. बोललं तर काय होईल, तेही त्यांना कळत होतं.

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तिन्ही पासपोर्ट पुढ्यात ओढले. "सुट्टीला निघालात वाटतं?" त्याने ऋग्वेदाला विचारलं. तिने जोरात मान हलवली.

उर्मिलाबाईंनी नातीच्या पासपोर्टवर हात ठेवला.

"साहेब, ही परत येणार नाहीये. हिच्या आईला ते माहीत नाही. आधी तिला फोन लावा."

सिद्धांत ओरडला नाही. त्याने आईकडे नुसतं पाहिलं.

"तू माझी आई आहेस की तिची?"

फोन झाले. वरचे अधिकारी आले, प्रश्न विचारले गेले. मुलीला जाता येणार नव्हतं. सिद्धांतला अडवायचं काही कारण नव्हतं. तो ऋग्वेदासमोर गुडघ्यांवर बसला, बाबांना अचानक काम आलंय म्हणाला, तिच्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ तसाच राहिला. मग उठला आणि आईच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता, विमानाकडे चालत गेला. ऋग्वेदा काचेआडून हात हलवत होती. उर्मिलाबाईंचा हात काही वर उचलला गेला नाही.

टॅक्सीने त्या नातीला घेऊन गिरगावात आल्या. अनुजा जिन्यातच उभी होती. तिने लेकीला कुशीत घेतलं, आत नेलं, तिच्यापुढे खायला ठेवलं आणि बाहेर येऊन सासूबाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"मला खरंच काही ठाऊक नव्हतं गं, अनुजा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "माफ कर मला."

"मला ठाऊक होतं, आई." अनुजा खाली बघत होती. "त्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. पण कोर्टात दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि मी अडवलं असतं तर ऋग्वेदा जन्मभर म्हणाली असती, मम्मीने बाबांना तोडलं."

"अगं, मग पाठवलंस कशी?"

"तुम्ही बरोबर होतात." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही त्याला अडवाल, याची मला खात्री होती."

आतून नातीचा आवाज येत होता. मुलाला सगळं ठाऊक होतं, सुनेलाही. सुट्टीला म्हणून खरोखर निघालेली माणसं दोनच होती: एक आठ वर्षांची, आणि एक अडुसष्टांची.