मुक्कामाची खूण

सुनेला जाग आली तेव्हा सासूबाईंनी अर्धी बाग झाडून काढली होती.

ट्रॅकपँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातात काटक्या बांधून केलेला खराटा आणि तोंडातल्या तोंडात देवाचं गाणं. तंबू होता त्या झाडाखालची जमीन आरशासारखी लख्ख झाली होती, शेजारच्या झाडाखालचीही. बागेतल्या साऱ्या रिकाम्या बाटल्या पंपाच्या खोलीच्या भिंतीशी उंचीप्रमाणे रांगेत उभ्या होत्या, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तशा.

"आई," सून तंबूतून डोकं बाहेर काढून पुटपुटली, "हे काय केलंत?"

"केर काढला."

"अहो, आपण इथे नाही आहोत. कुणाला कळता कामा नये."

"नाही आहोत ते मान्य. पण घाणीत नाही आहोत, असं कसं चालेल?"

सुनेने कपाळाला हात लावला. सायकलवरून भटकताना चोरून मुक्काम करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने सासूबाईंना निघतानाच सगळं पढवलं होतं. अंधार पडता पडता शिरायचं, दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, उजाडलं की निघायचं आणि जागा होती तशी सोडायची. सासूबाईंनी सगळं अगदी मनापासून पाळलं. 'होती तशी', एवढं एक मात्र त्यांच्याच्याने झालं नाही. सारी नोकरी इस्पितळात मेट्रन म्हणून केलेली बाई. वॉर्ड होता तसा सोडायचा तिला कुणी पगार दिला नव्हता.

त्यात मुलाची अट होती. आईला घेऊन जा, पण कुणी एकदा जरी हटकलं तर तिथून सरळ घरच्या बसमध्ये बसवायचं. सासूबाई हसत हसत कबूल झाल्या होत्या. कबूल करताना त्यांना कुठे ठाऊक होतं, सायकलची एवढी गोडी लागेल ते? कालच उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक सोडून दिले आणि अशा काही हसत सुटल्या, की एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने कवळी धरायची वेळ आली. आता बसचं नाव निघालं तरी त्या विषय बदलत.

सुनेने तंबू भराभर गुंडाळून पिशवीत कोंबला. मग कोपऱ्यातल्या ढिगातून पाल्याचा भारा उचलला आणि लख्ख जमिनीवर पसरू लागली.

"अगं, झाडलेल्यावर टाकतेस?"

"हळू बोला, आई."

"हळूच ओरडतेय मी."

सून पाला पसरत पुढे, सासूबाई तो गोळा करत मागे. असा झाडाभोवती एक फेरा झाला, दुसरा सुरू झाला आणि पाठीमागे कुणीतरी खाकरलं.

बागेचा राखणदार उभा होता. पायात चिखलाने माखलेले गमबूट, हातात बादली. त्याने बाटल्यांची रांग पाहिली, जमीन पाहिली, मग खराटा धरलेली एक बाई आणि पाल्याचा भारा कवटाळलेली दुसरी पाहिली.

"सफाईच्या मंडळाकडून आलात का?"

सुनेचा चेहरा उजळला. देवाने उत्तर आयतं हातात आणून ठेवलं होतं, फक्त मान डोलवायची. तिने डोलवलीसुद्धा.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही रात्री इथे झोपलो. न विचारता. आमचं चुकलं." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "बस कुठून सुटते, विचार यांना."

राखणदाराने बादली खाली ठेवली. तो झाडलेल्या जमिनीपर्यंत आला आणि कडेलाच थबकला. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग बुंध्याला हात टेकून त्याने एक गमबूट उपसून काढला, मग दुसरा. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तसाच तो अलगद चालत मध्यभागी गेला आणि झाडाला पाठ टेकून मांडी घालून बसला.

"रोज मी इथे डबा खातो," तो म्हणाला. "उभ्याने."

"उभ्याने जेवू नये. पोटाला बरं नसतं."

"बसायला जागा कुठे होती, मावशी?"

सुनेने घसा साफ केला. "काका, बस..."

"बस कशाला? सायकली बिघडल्या?"

"नाही. कुणी हटकलं, की आईंनी घरी परत जायचं, असं ठरलंय."

"मी कुठे हटकलं? विचारपूस केली."

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. "म्हणजे हे हटकणं धरायचं नाही ना? नीट सांगा. मला मुलाला खरं तेच सांगावं लागतं."

"हटकायचं असलं तर मी काठी घेऊन येतो," राखणदाराने दोन्ही रिकामे हात वर केले. "काठी दिसते का कुठे?"

सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. ते त्याला जोडले की वरच्याला, हे काही कळलं नाही. दुसऱ्या क्षणी त्या सायकलवर बसल्याही होत्या. माणसाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. सून पिशव्या अडकवत अजून मागेच होती.

"नदीपलीकडे माझ्या भावाची बाग आहे," राखणदार बसल्या जागेवरून ओरडला. "तिथे तर पाय ठेववत नाही. कुंपण मागच्या बाजूने मोडलंय. अंधार पडला की खुशाल शिरा, त्याला पत्तासुद्धा लागायचा नाही."

"लागेल की," सासूबाई पायडल मारता मारता म्हणाल्या. "सकाळी येऊन बघा म्हणावं."