विक्रमाचे बूट

"बूट घाल, नाहीतर घरी जा," प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

फताडीने बूट बाकावर ठेवले आणि मोजेही काढले. बाकीच्या मुली आपापल्या नाड्यांच्या गाठी बघत बसल्या. बाईंना उलट उत्तर दिलेलं त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं, आणि इथे तर मुलगी उत्तरही न देता चक्क अनवाणी उभी होती. निवड शर्यतीला अर्धा तास उरला होता.

बूट साधे नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी या धावण्याच्या क्लबातल्या एका मुलीने परगावी पंधराशे मीटरचा विक्रम केला होता. तो अजून कुणाला मोडता आला नव्हता. ती नोकरीसाठी दूर निघून गेली. बूट क्लबाचे, ते क्लबातच राहिले आणि काचेच्या कपाटात जाऊन बसले. मग रिवाज पडला. सगळ्यात वेगवान मुलीने वर्षभर तेच बूट घालायचे. तळ कितीदा तरी बदलला, शिवण उसवली की पुन्हा घातली, पण वरचं कातडं तेच. बूट अरुंद होते, चवड्यापाशी तर फारच. चावेल तो पळवेल, असं क्लबात म्हणायचे. क्लबाच्या जुन्या मुली बाजारात भेटल्या तर तोंडाआधी पाय ओळखू येत: अंगठा आत वळलेला, बाजूला हाड वर आलेलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. अंगठा वळला की मुलगी क्लबाची झाली, असं त्या कौतुकाने सांगत. बाईंचाही वळलेला होता. बाईंनी ते बूट चांगली चार वर्षं घातले होते. विक्रम काही हाती लागला नव्हता, पण ते बोलायचं कुणी?

फताडीला नाव पडलं ते पायांवरूनच. चवडा असा रुंद की दुकानदार आधी तिच्या पायांकडे बघायचा आणि मग आईकडे. बुटांचा मान मिळाला तेव्हा ती घरभर नाचली होती. त्यानंतर नखं काळी पडली, एक तर गळूनच गेलं, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली. वेळ सुधारायचं सोडून घसरत गेली. जिद्द कमी पडते, असं बाईंचं निदान. पोरीने जिद्द वाढवली आणि ती आणखी मागे पडली.

शेवटी आई तिला पायांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पाय पाहिला, बूट पाहिला आणि आईलाच फैलावर घेतलं. जमीन मागे ढकलतो तो अंगठा, त्यालाच कोंडून ठेवलंत तर वेग येणार कुठून, म्हणाल्या. असंच चाललं तर सांधा कायमचा वाकडा होईल, मग धावणं राहू दे, जिना उतरतानाही कळ येईल. त्यांनी बोटांचे व्यायाम दिले आणि रोज थोडं अनवाणी धावायला सांगितलं. आईने पदरमोड करून रुंद बूट आणले. बाईंनी ते पहिल्याच दिवशी कुलपात टाकले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आईकडून ऐकून घेतल्यावर बाईंनी एवढंच विचारलं होतं, त्या डॉक्टरीणीने कधी विक्रम केलाय का?

आता बाई दारात आडव्या उभ्या होत्या.

"ज्या बुटांनी विक्रम केला त्यांचा हा अपमान आहे," त्या म्हणाल्या. "अशी धावलीस तर पहिली आलीस तरी संघात घेणार नाही."

"संघ एका वर्षाचा आहे, बाई," फताडी म्हणाली. "पाय मला जन्मभर पुरवायचेत."

आणि ती बाईंच्या बाजूने निघून मैदानावर गेली.

ट्रॅक मातीचा होता. पहिल्या फेरीत खडे टोचले. पण खडा टोचतो आणि सोडून देतो, बूट सोडत नव्हता. दुसऱ्या फेरीत बोटं पसरली, माती धरू लागली, आणि वर्षभर हरवलेला तो धक्का तिला पावलाखाली परत सापडला. तिला इतका आनंद झाला की ती धावता धावता हसली. मुली एकेक करून मागे पडल्या. ती पहिली आली, आणि दुसरी येईपर्यंत तिचा श्वासही खाली बसला होता.

बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी संघ जाहीर केला आणि त्यात फताडीचं नाव घेतलं नाही. कुंपणापाशी आई ताडकन उठली. फताडी मात्र पायांची माती न झटकता तशीच मैदानाच्या कडेला मांडलेल्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. काढायचं तर मला समोर उभी करून काढा, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

टेबलामागे पाहुण्या बसल्या होत्या. ज्यांनी तो विक्रम केला होता त्याच. इतक्या वर्षांनी गावी आल्या म्हणून बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, बूट त्यांच्या हातून नव्या मुलीला द्यावेत म्हणून. फताडीने सवयीने आधी त्यांचे पाय पाहिले. साध्या चपला, मोकळी बोटं, अंगठा अगदी नाकासमोर बघणारा.

बाईंनी बूट पाहुण्यांपुढे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या विक्रमाचे हे बूट हिने घालायला नकार दिला. अशा मुलीला संघात घ्यायचं का, तुम्हीच सांगा."

पाहुण्यांनी बूट उलटून पाहिले. ओळखायला त्यांना बराच वेळ लागला.

"अगं बाई, हे अजून ठेवलेत?" त्या म्हणाल्या. "हे इतके चावायचे की शर्यतीआधीच काढून टाकले होते. मी अनवाणीच धावले."